बुटीबोरीच्या घातक कचऱ्याबद्दल एक खुलासा

नागपुरात वर्षानुवर्षे असे बोलले जाते की, कारखान्यांचा घातक कचरा शहराजवळच्या बुटीबोरी या औद्योगिक भागात नेऊन खोल खड्ड्यात लोटतात आणि वर माती टाकली की काम संपते. हे खरे नाही. तेथील प्रक्रिया केंद्रासारख्या ठिकाणी आलेल्या कचऱ्याचा आधी प्रयोगशाळेत नमुना तपासला जातो आणि त्यावरूनच त्याची वाट ठरते. तेलकट, ज्वलनशील कचरा भट्टीत जातो, जिच्या दुसऱ्या कक्षात सुमारे 1100 अंश सेल्सिअसला जळताना निघालेला वायू किमान 2 सेकंद राहावा लागतो. जड धातूंचा गाळ मात्र जाळून नष्ट होत नाही. त्यात सिमेंट, चुना किंवा राख मिसळून धातू बांधून टाकतात, पुन्हा चाचणी घेतात आणि मगच तो पुरतात.

ज्याला लोक खड्डा म्हणतात, त्याच्या तळाशी दाबलेली चिकणमाती, 1.5 मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर आणि झिरपणारे दूषित पाणी गोळा करणाऱ्या नळ्या असतात. आजूबाजूच्या विहिरींतून भूजलाचे नमुनेही घेतले जातात. अस्तर कायम टिकेल, असे कोणताही अभियंता म्हणणार नाही, म्हणून खड्डा बंद केल्यावरही देखरेख चालूच ठेवावी लागते. शिवाय घातक कचऱ्याबाबतच्या 2016 च्या नियमांनुसार कारखान्याला असा कचरा साधारणतः 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही.