एका सर्व्हरच्या पोटात दहा सर्व्हर

एका कॉम्प्युटरवर अनेक कॉम्प्युटर चालवण्याची युक्ती पीसीपेक्षाही जुनी आहे. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात १९६०च्या दशकात सीपी-४० आणि सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर झाली. मेनफ्रेम, म्हणजे तेव्हाचा अवाढव्य मध्यवर्ती कॉम्प्युटर, महाग, म्हणून ती वाटून वापरायची, इतका सरळ हिशेब.

पीसीने तो उलटा केला. टेबलागणिक मशीन आले आणि फ्लॉप्या, सीड्या घेऊन मजले पालथे घालणे सिस्टिम ॲडमिनच्या नशिबी आले. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर आणला : कोणत्या मशीनवर काय आहे याची मोजदाद आणि एका जागेवरून सॉफ्टवेअर पाठवण्याची सोय. लोक त्याला एसएमएस म्हणत. मोबाइलवरच्या एसएमएसशी त्याचे काही नाते नाही. २००७ पासून तोच कॉन्फिगरेशन मॅनेजर.

सर्व्हरचे दुखणे निराळे. एक ॲप्लिकेशन दुसऱ्याला घेऊन बुडेल या धास्तीने प्रत्येकाला स्वतंत्र सर्व्हर दिला जाई, आणि तो बहुतेक वेळ नुसती वीज खात बसे. जुनी युक्ती वापरावी, तर इंटेलचा एक्स८६ प्रोसेसर आडवा येई. पोटातल्या कॉम्प्युटरला कमी अधिकार देऊन चालवावे लागते; पण त्याच्या काही सूचना तशा चालवल्या तर अडत नसत, गुपचूप वेगळाच परिणाम देत. पोटातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे हायपरव्हायजरला, पत्ताही लागत नसे. डायान ग्रीन, स्टॅनफर्डचे मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या साथीदारांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर स्थापन केली आणि अशा सूचना चालता चालताच बदलून टाकल्या. मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. २००३ मध्ये व्हीमोशन आले : चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे पोटातला कॉम्प्युटर) न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर. इंटेल आणि एएमडीने २००५-०६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय दिल्यावर वाट मोकळी झाली. लिनक्समध्ये केव्हीएम, विंडोज सर्व्हरमध्ये हायपर-व्ही असे हायपरव्हायजर आले.

मग नवीच पंचाईत. सर्व्हर विकत घ्यायला कोटेशन, मंजुरी, पीओ (खरेदीची ऑर्डर) लागे. व्हीएम मात्र चार क्लिकमध्ये. कुणीतरी चाचणीसाठी मागितलेली व्हीएम तो माणूस नोकरी सोडून गेला तरी चालूच. म्हणजे मोजदाद पुन्हा आलीच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली. आता प्रोसेसरमध्ये किती कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत त्यावर वर्गणी ठरते, आणि आयटी विभाग त्या बेवारस व्हीएमचे मालक शोधत फिरत आहेत.