कीटकांचे प्रमुख गण : ओळख

कीटकवर्गात सुमारे तीस गण, म्हणजे मोठे गट, मानले जातात, पण नेहमी नजरेस पडणारे बहुतेक कीटक सात-आठ गणांतच मोडतात. गण ठरवताना आधी पंख पाहावेत, मग तोंडाची रचना. रंग सर्वांत शेवटी, कारण तो हमखास फसवतो. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणारा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने १७५८ मध्ये कीटकांचे सात गण केले तेही मुख्यतः पंखांवरूनच.

कोलिऑप्टेरा गणातील भुंगेऱ्यांच्या पुढच्या पंखांचे टणक कवच बनलेले असते. दोन्ही कवचे पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिळतात आणि उडण्याचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. या गणाच्या साडेतीन लाखांहून अधिक जाती ज्ञात आहेत. हेमिप्टेरा गणातील काही कीटक थेट भुंगेऱ्यासारखे दिसतात आणि नवशिक्याची गफलत होते ती इथेच. अशा वेळी कीटक उलटा करावा. डोक्याखालून मागे वळलेली, टोचून रस शोषणारी सोंड दिसली तर तो हेमिप्टेरा. भुंगेऱ्याला चावणारे जबडे असतात. मावा आणि तुडतुडेही याच सोंडवाल्यांपैकी.

फुलपाखरे व पतंग यांच्या पंखांवरील खवले बोटाला भुकटीसारखे लागतात. हा लेपिडॉप्टेरा गण. नाकतोडे आणि रातकिडे मागच्या दणकट पायांवरून, तर चतुर व टाचण्या मोठे डोळे आणि जेमतेम दिसणाऱ्या शृंगिकांवरून (डोक्यावरच्या मिशांवरून) ओळखू येतात.

डिप्टेरा, म्हणजे माश्या व डास, यांना पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन इवल्या घुंड्या उरलेल्या असतात. पिवळे-काळे पट्टे मिरवणाऱ्या कित्येक फुलमाश्या मधमाशीचे सोंग घेतात. पण मधमाशी हायमेनॉप्टेरा गणातली, तिला दोन जोड्या असतात. मात्र पुढचा-मागचा पंख बारीक आकड्यांनी जोडलेला असल्याने त्या चटकन मोजता येत नाहीत. मग शृंगिका पाहाव्यात : फुलमाशीच्या आखूड, मधमाशीच्या लांब व कोपरासारख्या वाकलेल्या.

मुंगीही हायमेनॉप्टेरातलीच. वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याची पद्धत असली तरी तिची कंबर बारीक नसते, शृंगिका सरळ व मण्यांच्या माळेसारख्या असतात, आणि पंख फुटतात तेव्हा चारही जवळपास सारख्या लांबीचे असतात. आता तिचा समावेश झुरळांच्या गणात करतात.

अळ्यांना पंखांची कसोटी लागू पडत नाही. पतंगाच्या अळीला पोटाखाली मांसल पायांच्या सहसा पाचपेक्षा जास्त जोड्या नसतात. करवती माशीच्या (ही नावाने माशी, पण गण हायमेनॉप्टेरा) अळीला त्या सहा किंवा अधिक असतात.