महाकाय जहाजांचे थांबणे व वळणे

मोठ्या तेलवाहू जहाजाची लांबी सु. 330 मी. आणि भरलेल्या स्थितीतील वस्तुमान 3 लाख टनांहून अधिक असते. 15 नॉट (ताशी सु. 28 किमी.) वेगाने जाणारे असे जहाज थांबवण्याचा मुख्य उपाय म्हणजे त्याला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा उलटा फिरवणे. संथगती डिझेल इंजिन पंख्याला थेट जोडलेले असते. ते आधी बंद करून दाबाखालच्या हवेने उलट दिशेत सुरू करावे लागते. जहाज वेगात असेपर्यंत पाणीच पंखा फिरवत राहते, त्यामुळे वेग उतरेपर्यंत इंजिन उलटे फिरत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2002 च्या मानकांत थांबण्याचे अंतर जहाजाच्या लांबीच्या 15 पटींच्या आत ठरवले असून प्रचंड जहाजांना 20 पटींपर्यंत सवलत आहे. वळताना मात्र मूळ दिशेतली पुढची वाटचाल साडेचार पटींच्या आत असावी लागते. समुद्र मोकळा असल्यास थांबण्यापेक्षा वळणे श्रेयस्कर, ते यामुळेच. शिवाय पंख्याने मागे फेकलेले पाणी सुकाणूवर आदळते तेव्हाच ते नीट काम करते. इंजिन बंद होताच त्याची पकड सुटते. थांबणे आणि वळणे या दोन्ही गोष्टी एकदम पुरत्या साधत नाहीत.

जहाज कोणत्या बिंदूभोवती वळते, याविषयी मतभेद आहेत. पुढे जाताना हा बिंदू नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) लांबीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर दिसतो. मागे जाताना तो पिछाडीकडे सरकतो आणि तरफेच्या टेकूसारखा वागतो, असे नौकानयनाच्या अनेक पुस्तकांत शिकवले जाते. दुसऱ्या मतानुसार हा बिंदू म्हणजे जहाजाचे आडवे सरकणे व फिरणे यांचा निव्वळ भौमितिक परिणाम होय. टगबोटीच्या (मोठ्या जहाजाला ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या छोट्या बोटीच्या) जोराचा हिशेब वस्तुमानकेंद्रापासूनच करावा. गतिशास्त्राशी हेच मत अधिक जुळते.

उथळ पाण्यात जहाजाचा तळ जवळजवळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात खाली बसतो आणि वळणाचे वर्तुळ मोठे होते. कालव्यात काठही पिछाडी ओढतो.

पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत (स्थापना 1916) बंदरांची लहान प्रतिरूपे बांधून लाटा व प्रवाह अभ्यासले जातात. अशा प्रतिरूपांना इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांचा नियम लागू पडतो : वेग व काळ प्रमाणाच्या वर्गमुळाने घटतात. त्यांची इंग्लंडमधील टॉर्की येथील चाचणी-टाकी सर्वसाधारणपणे 1870–72 च्या सुमारास उभी राहिली. 1:100 प्रतिरूपात वेग व काळ दोन्ही एक-दशांश होतात : सेकंदाला 3 मी. वेगाने जाणारे जहाज येथे 30 सेंमी.ने सरकते, दहा मिनिटांचे वळण एका मिनिटात उरकते. पाण्याची श्यानता (चिकटपणा) मात्र तीच राहते. प्रतिरूपातल्या छोट्या जहाजाला घर्षण तुलनेने जास्त बसते. म्हणून थांबण्याच्या अंतरासाठी गणिती प्रतिरूप आणि खऱ्या जहाजावरच्या चाचण्या यांचाच आधार घ्यावा लागतो.