गोळी तेवढीच, नशा वेगळी

शिवरात्र किंवा रंगपंचमीच्या दिवशी बेळगावात भांग घातलेल्या थंडाईच्या पातेल्याभोवती एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘अजून काय चढलंच नाय बघ, घाल आणि एक गलास.’ घातलाही जातो. तासाभरानं पहिला गलास चढतो, त्यामागोमाग दुसरा, आणि गडी संध्याकाळी भिंतीला धरून बसलेला असतो.

भांग, गांजा आणि चरस तिन्ही एकाच झाडाचे. नशा आणणारा मुख्य पदार्थही तिन्हींत एकच, टीएचसी. राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये इस्रायलमध्ये तो शुद्ध रूपात वेगळा काढला, तोही पोलिसांनी जप्त केलेल्या चरसातून. ओढला तर टीएचसी फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोचतो. खाल्ला तर पोट, आतडं आणि यकृत असा फेरा पडतो. असर जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो, कळस दोन ते चार तासांनी येतो आणि उतरायला सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त लागतात. या फेऱ्यात यकृत टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं. तेही मेंदूवर जोरात काम करतं, त्यामुळं ओढण्याचा अनुभव असलेल्याचा अंदाज खाण्याच्या बाबतीत हमखास चुकतो.

खरी गोम त्याच्या आधीच आहे. झाडाच्या ताज्या पानात टीएचसी जवळजवळ नसतोच, असतं ते त्याचं आम्ल, टीएचसीए. ते नशा आणत नाही. उष्णता लागली की त्याच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी उरतो. आम्लाचं रेणुभार साधारण ३५८, टीएचसीचं ३१४. म्हणजे सगळं आम्ल बदललं तरी वजनानं ८८ टक्केच टीएचसी हाती लागतो. पण सगळं बदलतं कुठं? किती आच, किती वेळ, पानं ओली की वाळकी, यावर ते ठरतं. आच जास्त झाली किंवा माल जुना झाला की टीएचसीचीही मोडतोड होते. भर म्हणजे तो पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून दूध किती दाट, तूप किती, चोथा किती पिळला, यावरही आकडा हलतो.

आता कागदावर हिशेब करू. आकडे मानलेले आहेत. २० ग्रॅम वाळक्या पानांत १ टक्का आम्ल धरलं तर २०० मिलिग्रॅम. पूर्ण बदललं तर १७५, निम्मंच बदललं तर ८८, त्यातलं निम्मं दुधात उतरलं तर ४४. दहा गलासांत वाटलं की प्रत्येकी साडेचार मिलिग्रॅम. तीच २० ग्रॅम पानं ३ टक्क्यांची निघाली, सोबत फुलोऱ्याचे चार तुरे आले, आच पुरेशी लागली आणि ८० टक्के माल उतरला, तर गलासाला ४२ मिलिग्रॅम. करणारी व्यक्ती तीच, पातेलं तेच, फरक नऊ-दहा पटींचा. अंदाजासाठी: अमेरिकेत संशोधनाकरता ठरवलेलं प्रमाण-एकक ५ मिलिग्रॅमचं आहे, आणि कॅनडात खाण्याच्या अख्ख्या पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी घालता येत नाही.

हा आकडा तरी सरासरीचाच. बेळगावी कुंद्यातले काजू जसे एकाच्या वाटीत चार आणि दुसऱ्याच्या वाटीत एकही नाही असे येतात, तसंच घोटलेल्या भांगेचं होतं. तळाला चोथा बसतो, वर साय धरते. शिवाय पोटात गेलेल्या टीएचसीपैकी साधारण ४ ते १२ टक्केच रक्तात पोचतो. म्हणजे अगदी सारखा घास खाल्लेल्या दोघांतही तिपटीचा फरक पडू शकतो. तुपातलं जेवण झालेलं असेल तर जास्त शोषला जातो, आणि कळस उशिरा येतो.

वासावरून किंवा हिरव्या रंगावरून ताकद ओळखतो म्हणणारे भेटतात. उग्र वास येतो तो टर्पीन नावाच्या दुसऱ्याच द्रव्यांचा. प्रयोगशाळेलासुद्धा हे मोजताना जपावं लागतं: गॅस क्रोमॅटोग्राफीत (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजण्याची एक पद्धत) नमुना तापवला जातो आणि यंत्रातच आम्लाचं टीएचसी होतं, त्यामुळं मूळ पानात दोन्ही किती होतं ते कळत नाही. द्रव क्रोमॅटोग्राफीत तापवावं लागत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळे मोजता येतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा यातलं काहीच सांगत नाही.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळधारी शेंडा. शेंडा सोबत नसेल तर पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका जामीन प्रकरणात हाच मुद्दा धरून भांग या कायद्यात बसत नाही असं म्हटलं. पण सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कागलकडे गेलं की महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो, आणि तो भांगेलाही सोडत नाही. रसायनाच्या बाजूनं मात्र पान आणि शेंडा यांत रेघ नाही. पानांच्या पुडीत चार तुरे मिसळले तरी कायद्याचा आणि डोसचा, दोन्हींचा हिशेब बदलतो.

भांगेत धोतरा मिसळण्याची जुनी खोड आपल्या देशात आहेच. तोंड कोरडं ठाक, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं आणि माणूस भलतंसलतं बरळतोय, तर ते नुसत्या भांगेचं नसू शकतं. तिथं लिंबू-ताकानं भागत नाही, १०८ ला फोन लावावा. लहान मुलानं गोड म्हणून भांगेच्या बर्फीचा तुकडा तोंडात टाकला असेल तर वाट बघूच नये, मुलांचं श्वसन मंदावू शकतं. दवाखान्यात लाजेपोटी ‘उसाचा रस प्यालाय’ सांगणारे नातेवाईक असतात. टीएचसीवर उतारा देणारं औषध नाही, श्वास आणि नाडी सांभाळणं हाच उपचार. पण काय खाल्लं, किती वाजता आणि किती, हे सांगितलं तर डॉक्टरांचे मेंदूज्वर शोधण्यातले तास वाचतात. शिल्लक राहिलेला तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा.