चुलवणाजवळचा वाघ्या

वाळवा तालुक्यात आमच्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे. तिथल्या वाघ्या कुत्र्याची हंगामातली जागा ठरलेली: चुलवणाच्या, म्हणजे रस उकळायच्या भट्टीच्या तोंडाशी, रस काढलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगाला पाठ लावून. परवा ओल्या फडक्यानं त्याचं नाक पुसलं, तर फडकं काळं झालं. ही काजळी निदान दिसते तरी. मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या काजळीची.

धुरातले सगळ्यात बारीक कण 100 नॅनोमीटरहून लहान असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे सातशे-आठशे कण शेजारी शेजारी बसतील. रक्तातून मेंदूत शिरणाऱ्या गोष्टींवर शरीराचा कडक पहारा असतो, पण नाकाची गोष्ट वेगळी. वास कळायचा तर चेतापेशीला हवेला भिडावंच लागतं. म्हणून तिचं एक टोक नाकातल्या ओलाव्यात उघडं असतं आणि दुसरं चाळणीसारख्या हाडातून थेट घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागात पोचतं. कुत्र्याचं तर सगळं जगणंच नाकावर.

ही वाट कण खरोखर चालून जातात का? रोचेस्टर विद्यापीठातल्या गुंटर ओबरडॉर्स्टर यांनी उंदरांना सहा तास कार्बनचे सूक्ष्म कण हुंगवले. शरीरातल्या कार्बनपासून ते वेगळे ओळखता यावेत म्हणून कार्बन-13 हा किंचित जड कार्बन वापरला होता. 2004 साली निष्कर्ष छापून आले: आठवडाभरात फुप्फुसांतला हा कार्बन निम्म्याहून कमी झाला, घ्राणकंदातला मात्र वाढला.

त्याच सुमारास मेक्सिको सिटीतल्या कुत्र्यांचे मेंदू तपासले गेले. लिलियन काल्डेरॉन-गार्सिदुएन्यास यांच्या गटाला त्यांत दाह दिसला, आणि अल्झायमरमध्ये सापडतात तसे अमायलॉइड या प्रथिनाचे साठेही. इंधनाच्या धुरातले निकेल आणि व्हॅनेडियम नाकाच्या अस्तरात सर्वाधिक, घ्राणकंदात त्याहून कमी, मेंदूच्या पुढच्या भागात आणखी कमी होते. फाटकं पोतं कुठून कुठं गेलं हे सांडलेल्या धान्यावरून कळावं, तसं.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. कण दिसला की त्या गिळतात, पण धातू काही पचत नाही. मग त्या दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात आणि शेजारच्या निरोगी चेतापेशी होरपळतात. अर्थात त्या कुत्र्यांच्या हवेत ओझोनसारखे इतर विषारी वायूही होते, सगळा दोष एकट्या कणांवर टाकता येत नाही. चिपाडाचा धूरही वाहनांच्या धुरासारखा नसतो. पण चिपाड ओलं निघालं की काही गुऱ्हाळांवर जुने टायर चुलवणात जातात. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असतं. तो काळा, चिकट धूर मी पाहिलाय, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

वाघ्याचं पोतं मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, काहिलीपासून लांब टाकलं. आबांनीही भाकरी तिकडंच द्यायला सुरुवात केली. दिवसा तो तिथं थांबतो. पहाटे थंडी वाढली की उठतो आणि चुलवणाशी येऊन, नाक पायांत खुपसून झोपतो.