आंतरसंस्था माहिती प्रणाली

स्वतंत्र मालकीच्या दोन किंवा अधिक संस्था परस्परांतील व्यवहारासाठी वापरतात ती सामायिक संगणकीय व्यवस्था. मागणीपत्र, रवानगीसूचना, बीजक इ. दस्तऐवज एका संस्थेच्या संगणकातून थेट दुसरीच्या संगणकात जातात. ते कोणी पुन्हा टंकत नाही.

उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक तो सोव्हिएत नाकेबंदीत सापडलेल्या बर्लिनच्या हवाई पुरवठ्यापर्यंत (१९४८-४९) मागे नेतात. तेथे अमेरिकी लष्करातील एडवर्ड गिल्बर्ट यांनी मालयाद्यांचा एकच नमुना ठरवून त्या दूरमुद्रकावरून पाठविण्याची सोय केली. मात्र त्यात संगणक नव्हता, त्यामुळे ती पूर्वपीठिका मानणेच सयुक्तिक ठरते. संकल्पना म्हणून आंतरसंस्था प्रणालीची मांडणी फेलिक्स कॉफमन यांच्या १९६६ मधील लेखात आढळते. अमेरिकेतील वाहतूक व्यवसायाची समन्वय समिती १९६८ मध्ये, तर अशा दस्तऐवजांचे नमुने ठरविणारी ‘एक्स१२’ मानक समिती १९७९ मध्ये स्थापन झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आलेल्या ‘एडिफॅक्ट’ या संदेश-मानकाची वाक्यरचना १९८७ च्या सुमारास आयएसओ ९७३५ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली.

प्रणाली एकाच भागीदाराच्या मालकीची असल्यास झुकते माप संभवते. अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीच्या ‘सेबर’ या आरक्षण प्रणालीची टर्मिनले १९७६ पासून प्रवास-कचेऱ्यांत बसू लागली. अशा प्रणालींच्या पडद्यावर मालक कंपनीची उड्डाणे वर दिसत. त्याला आळा घालणारे नियम अमेरिकेत १९८४ मध्ये झाले.

एडिफॅक्ट संदेशात ‘+’ व ‘:’ ही विभाजकचिन्हे असून संदेशाचा प्रत्येक खंड (ओळीसारखा घटक) ऊर्ध्वस्वल्पविरामाने (') संपतो. पत्त्यात किंवा नावात यांपैकी एखादे चिन्ह आले, तर त्याआधी प्रश्नचिन्ह द्यावे लागते. ते राहिले की खंड मध्येच तुटतो. अखेरच्या ‘यूएनटी’ खंडात एकूण खंडसंख्या असते. तीत पहिला ‘यूएनएच’ व स्वतः ‘यूएनटी’ही मोजतात. ही संख्या जुळली नाही तर संदेश नाकारला जाऊ शकतो.

‘कंट्रोल’ पोचसंदेश फक्त संदेश मिळाल्याचे किंवा त्याची रचना योग्य असल्याचे सांगतो. पुरवठादाराने मागणी स्वीकारली, असा त्याचा अर्थ नव्हे. त्यासाठी ‘ऑर्डर्सप’ हा वेगळा संदेश आहे. नव्या भागीदाऱ्यांत हा घोळ नेहमी आढळतो. वस्तुसंकेतांचा घोळ त्याहून महाग पडतो : नगाचा आणि खोक्याचा जीटीआयएन (वस्तू ओळखण्याचा जागतिक क्रमांक) वेगळा असतो. खरेदीदाराने खोक्याचा क्रमांक देऊन संख्या मात्र नगांत लिहिली, तर बारा नगांच्या खोक्यामागे बारापट माल निघतो आणि दोन्हीकडचे संगणक व्यवहार बिनचूक दाखवितात. म्हणून प्रत्यक्ष वापरापूर्वी वस्तुसूची पडताळून काही काळ कागदी व्यवहार समांतर चालू ठेवतात.