घरगुती हिंसाचाराचा अर्ज : कोणी करायचा, कुठे द्यायचा, कागद कोणते

नेसत्या साडीनिशी घराबाहेर पडलेल्या बाईचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, की कागद तर सगळे सासरीच राहिले, आता अर्ज कसा करू? करता येतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली दाद मागायला आधी एफआयआर लागत नाही, घटस्फोटाचा दावाही लागत नाही.

कोणाला करता येतो

फक्त बायकोलाच, हा गैरसमज. एका छताखाली राहणारी किंवा पूर्वी राहिलेली आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात राहणारी जोडीदार, यांपैकी कोणीही अर्जदार होऊ शकते. अर्ज सासू-नणंदेविरुद्धही चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये 'प्रौढ पुरुष' ही अट काढून टाकली. अंगावर वळ दिसलेच पाहिजेत असंही नाही. मूल होत नाही म्हणून घालूनपाडून बोलणं, घरखर्च बंद करणं, स्त्रीधन परस्पर विकणं, हीसुद्धा कायद्याच्या भाषेत हिंसाच.

कुठे जायचं

संरक्षण अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे काम महिला व बालविकास विभागाकडे आहे. जिल्हा कार्यालयात किंवा १८१ या हेल्पलाइनवर तुमच्या भागातला अधिकारी कोण ते कळतं. जीवावर बेतलं असेल तर आधी ११२. रात्रीचा आसरा हवा असेल तर सखी वन स्टॉप सेंटर.

अधिकारी तुमची हकिगत ऐकून नमुना १ मध्ये कौटुंबिक घटना अहवाल लिहितात. याची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्याच. मग नमुना २ मधला कलम १२ चा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे जातो. तो थेट कोर्टातही देता येतो. सासरच्या गावीच जावं लागेल ही भीती सोडा. माहेरी किंवा तात्पुरत्या मुक्कामी असाल तर तिथल्या कोर्टातही चालतो. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

कागद

असतील ते आणा. ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याची चिठ्ठी, पूर्वी पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली असेल तर तिची प्रत, धमकीचे मेसेज. लग्नाचा दाखला नसेल तर पत्रिका, फोटो किंवा रेशनकार्डावरचं नाव. स्त्रीधनाची यादी आठवून वहीत लिहा, आणि घटनांच्या तारखाही. तारीख आठवत नसेल तर 'गणपतीत', 'धाकट्याच्या परीक्षेच्या वेळी' एवढंही पुरतं, उगाच अंदाजाने आकडा टाकू नका. उलटतपासणीत तोच नडतो. पोटगी मागायची असेल तर उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना द्यावं लागतं. नवरा कुठे कामाला आहे, शेती किती, हे माहीत असेल तेवढं टिपून ठेवा.

काय मागता येतं

मारहाण, पाठलाग, फोन यांवर मनाई. राहतं घर न सोडण्याचा हक्क, घर नावावर नसलं तरी. खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. यांतलं जे हवं ते अर्जात स्पष्ट लिहा.

पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागावी आणि ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अर्जासोबतच नमुना ३ चं प्रतिज्ञापत्र जोडून अंतरिम आदेश, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश मागा. समोरचा हजर नसतानाही तो मिळू शकतो. माझ्या मते सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद हाच.

शेजारणीला, आशाताईला, कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देता येते. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

आदेशाची प्रत मोफत असते, ती सोबत बाळगा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि त्यासाठी ती प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जायचं असतं.